पंधरा नमस्कार

पहिल्या दिवशी मैदानावर माणसं बावीस होती आणि घड्याळं तेवीस. बूट अठरा जणांच्या पायात, चपला तिघांच्या, अनवाणी एक. मधोमध एक ध्वजस्तंभ, त्याच्याभोवती फक्कीने आखलेली तीनशे मीटरची गोल पट्टी, पट्टीच्या आत चरणाऱ्या दोन शेळ्या, आणि आरंभरेषेजवळ टॉवेल टाकलेली एक खुर्ची. तेविसावं घड्याळ चार्ज करून त्या टॉवेलवर ठेवलं होतं. ते ज्या मनगटावर चढायचं होतं ते मनगट आल्याशिवाय उरलेल्या बाविसांना चालायला सुरुवात करता येत नव्हती.

ते मनगट अप्पारावांचं. आष्टीतली आमची शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष. घर मैदानाच्या कुंपणाला लागून, तरी चालायला ते जीपने येतात. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांची जाते. ती मानाची जोडी. तिच्यामागे अख्ख्या गावाचे बैल झुली घालून ताटकळतात, पण कोणी पुढे काढत नाही. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अप्पारावांना रोज चालायला सांगितलं तेव्हा हा नियम त्यांच्यासोबत मैदानावर आला. तो कोणी सांगितला नाही आणि कोणी विचारलाही नाही. अप्पाराव ध्वजस्तंभ उजव्या हाताला ठेवून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे चालायचे. मागे सगळा स्टाफ. कोणाचा पाय चुकून जरा जास्त पडला तर तो बुटाची नाडी बांधायला खाली बसायचा.

या नऊ वर्षांत अप्पारावांच्या पुढे कोणीही गेलेलं नव्हतं. त्यावरून त्यांनी एक निष्कर्ष काढला होता: आष्टीत त्यांच्याइतकं जोरात चालणारं दुसरं कोणी नाही. हा निष्कर्ष त्यांनी पाहिलेल्या पुराव्याला धरूनच होता. पुरावा गोळा करायची पद्धत तेवढी सदोष होती.

मी या महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे घड्याळांचं काम माझ्याकडे आलं. ती एका बियाणे कंपनीने शिक्षकांच्या आरोग्यासाठी दिली होती, पण अप्पारावांनी त्यांना वेगळं काम काढलं. संस्थेच्या इंग्रजी शाळेत क्रीडाशिक्षकाची एक कायम जागा भरायची होती. उमेदवार दोन. एक ज्योत्स्ना. ती चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर पोरांना पळवत होती, आणि तिच्या पोरी विभागापर्यंत जाऊन आल्या होत्या. यंदा जागा मिळाली नाही तर जूनपासून तिचे तासही जाणार होते, कारण एका मैदानावर दोन क्रीडाशिक्षक ठेवायची संस्थेची इच्छा नव्हती. दुसरा उमेदवार भारत. तो अप्पारावांचा पुतण्या. पदवी त्याच्याकडेही होती. ती घेताना तो किती वेळा मैदानावर गेला याबद्दल दोन मतं होती, आणि दोन्ही एक आकडी होती.

मुलाखत झाली. समितीवर परतूरच्या प्राचार्य प्रियदर्शनी मॅडम बाहेरच्या सदस्य म्हणून होत्या. त्यांनी भारतला विचारलं की शर्यतीआधी अंग कसं गरम करतात. भारतने चहाचा उल्लेख केला. मॅडमनी आपले गुण दिले, अप्पारावांनी आपले, आणि बेरीज दोघांचीही सारखी आली. मग अप्पाराव म्हणाले की आता निर्णय विज्ञानावर सोडू. मशीन कोणाचं नातं बघत न्हाई. जो घड्याळात जास्त व्यायाम दाखवील त्याची ऑर्डर. प्रियदर्शनी मॅडमना यात हरकत घ्यावी असं काही दिसलं नाही, मलाही नाही.

घड्याळाचा हिशेब असा होता. दोनशेवीसमधून वय वजा करायचं, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अंदाजे कमाल मर्यादा येते. नाडी तिच्या साठ टक्क्यांच्या वर गेली की पुढचं प्रत्येक मिनिट जोराच्या व्यायामात धरायचं. अप्पाराव अठ्ठावन्न वर्षांचे, त्यांची ही रेषा सत्त्याण्णववर. भारतची एकशे पंधरा, ज्योत्स्नाची एकशे सोळा.

पहिल्या आठवड्याचा निकाल आला. पहिले अप्पाराव. त्यांची जोराची मिनिटं इतकी होती की मी तपासायला बसले, तेव्हा कळलं की त्यातली निम्मी मैदानावरची नाहीत. अप्पारावांची नाडी बसल्या जागी अठ्ठ्याऐंशी असते, आणि कोणाला झापताना ती एकशे चारवर जाते. सोमवारच्या बैठकीत त्यांनी खुर्चीत बसून अर्धा तास जोराचा व्यायाम केला होता. दुसरा क्रमांक भारतचा. तिसरे हेडक्लार्क साहेबराव. त्यांच्या बाबतीत व्यायामाचा प्रश्नच नव्हता, पण सोमवारी झापलं गेलं होतं ते त्यांनाच. त्यांचीही मिनिटं भरली.

शून्य मिनिटं दोघांची. एक शिपाई रामकिसन, जो रोज सायकल हाणत शाळेत येतो आणि मैदानावर अनवाणी चालतो. दुसरी ज्योत्स्ना.

अप्पारावांच्या चालीने एक फेरी पाच मिनिटांत होते. त्या चालीला ज्योत्स्नाची नाडी ऐंशी. तिचं हृदय हे काम काम म्हणून धरायलाच तयार नव्हतं.

मला मात्र या आकड्यांनी फार आनंद दिला, हे सांगायला हवं. प्रयोगशाळेत सगळ्यांना अगदी एकाच वेगाने चालवायचं तर विजेवर फिरणारा पट्टा लागतो. आमच्याकडे अप्पाराव होते. पुढे कोणी जात नव्हतं, मागे राहायची कोणाची टाप नव्हती, म्हणजे तेवीस माणसं तंतोतंत एका वेगाने. फरक फक्त आतला. मी सगळ्यांना सकाळी चहाच्या आधी बसवून नाडी मोजली. बसलेली नाडी आणि कमाल नाडी यांच्यामधलं अंतर म्हणजे त्या माणसाची शिल्लक. तीच चाल अप्पारावांच्या शिल्लकेतला बासष्ट टक्के भाग खात होती, भारतचा बत्तीस, ज्योत्स्नाचा वीस. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. अप्पारावांना खरंच जास्त जोर पडत होता. आमच्या संस्थेने फक्त जोर पडण्याला जोर असणं समजून बक्षीस लावलं होतं.

अहवालावर माझी सही हवी होती, म्हणून मी हे सगळं अप्पारावांना सांगायला गेले. तक्ते दाखवले. त्यांनी तक्ते बाजूला ठेवून मला सरळ बोलायला सांगितलं. मग मी त्यांना विचारलं की बाजारात दोन बैल आहेत, दोघांना सारखंच ओझं लावून सारखंच चालवलं. एक धापा टाकतोय, एक शांत आहे. कोणता घ्याल?

"शांत असंल तो," अप्पाराव लगेच म्हणाले. या विषयात ते कधी चुकत नाहीत.

मी ज्योत्स्नाचा तक्ता पुन्हा त्यांच्यासमोर सरकवला. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

"मॅडम, बैलाचं निराळं. बैल मेहनत दाखवत न्हाई. माणसाला दाखवावी लागती." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "अन् ज्योत्स्नाची नाडीच चढली न्हाई, तर मी कसं म्हणू तिनं मेहनत केली?"

मी म्हटलं, म्हणूनच उलट करू. प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या स्वतःच्या शिल्लकेच्या सत्तर टक्क्यांवर लावू. तुमचं एकशे चाळीसवर, भारतचं एकशे एकोणसाठवर, ज्योत्स्नाचं एकशे एक्कावन्नवर. नाडी खाली गेली की घड्याळ पीं करेल आणि वेग वाढवायचा, वर गेली की दोनदा पीं करेल आणि कमी करायचा. सगळ्यांना आपापल्या कुवतीच्या मानाने सारखाच त्रास. मग वीस मिनिटांत कोणाच्या किती फेऱ्या होतात ते मोजू.

"म्हंजे प्रत्येकाची गुंजाईश सारखीच वापरायची," अप्पाराव म्हणाले. त्यांना ते बरोबर समजलं होतं. मला वाटलं आता नाही म्हणतील. पण ते हसले. ज्याच्या पुढे नऊ वर्षांत कोणी गेलेलं नाही असा माणूस अशा शर्यतीला कशाला भ्यायचा? त्यांनी घंटी वाजवली, साहेबरावांना बोलावलं, आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: शनिवारी सगळ्यांसमोर. परतूरच्या मॅडमनाही बोलवा. "मी पण चालतो. माझ्याहून ज्याच्या फेऱ्या जास्त, त्याची ऑर्डर. कोणाच्याच न्हाई झाल्या तर भारतची."

साहेबरावांनी मान डोलावली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गावच्या विहिरीत काहीतरी टाकलंय.

दुपारी स्टाफरूममध्ये साहेबरावांनी ज्योत्स्नाला समजावलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीची पुढची तीस वर्षं दिसतात. त्यांचं म्हणणं असं की ताई, तुम्ही पळाल तर जिंकाल, यात वाद नाही. पण आप्पांना मागं टाकून जिंकाल. ऑर्डर मिळंल, अन् मंग रिटायर होईस्तोवर त्या ऑर्डरीखाली त्यांच्याच हाताखाली राहायचं. प्रत्येक रजा, प्रत्येक वेतनवाढ त्यांच्याच सहीने. जिंकणं हा एक दिवस असतो. आणि न पळता मागे राहिलात तर जागा गेली. दोन्हीकडून तुमचाच घाटा.

ज्योत्स्ना डबा खात होती. तिने पोळीचा घास संपवला आणि मला विचारलं की पळायची दिशा नियमात काही आहे का.

मी म्हटलं, कसली दिशा?

"आप्पा खांब उजव्या हाताला ठेवून चालतात. देवाला चालावं तसं. पळायच्या शर्यतीत मैदानाची आतली बाजू डाव्या हाताला असती. सगळ्या जगात. मी पोरींना चार वर्षांपासून तसंच शिकवून राह्यले."

साहेबरावांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी आपला डबा बंद केला. "म्हंजे तुम्ही आप्पांच्या समोरून येणार."

"हो. मागून येणाराच पुढं जातो ना, साहेबराव. समोरून येणारा फक्त भेटतो."

"अन् भेटल्यावर?"

"नमस्कार करीन. तेवढी रीत आहे मला."

शनिवारी प्रियदर्शनी मॅडम वेळेवर आल्या. त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची आणली. तिच्यावरही टॉवेल टाकावा की नाही यावर रामकिसन आणि साहेबराव यांच्यात थोडी कुजबुज झाली. शेळ्या बाहेर काढल्या. अप्पाराव नवे पांढरे बूट घालून आले होते. ज्योत्स्ना आरंभरेषेवर उलट्या बाजूला तोंड करून उभी राहिली तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. तिने शर्यतीचा नियम सांगितला. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या की नियम बरोबर आहे, खरं तर बाकीचेच उलटे उभे आहेत. अप्पारावांनी हात हलवला. बिलकुल चालंल, कोणी कसंबी पळा.

मी शिट्टी वाजवली.

फेऱ्या नोंदवायला साहेबराव. रामकिसनने आणलेला फळा त्यांच्यासमोर होता, हातात खडू. फळ्यावर तीन नावं.

पहिली भेट दुसऱ्याच मिनिटात झाली. ज्योत्स्ना पलीकडून एका लयीत पळत आली, हात जोडले, मान झुकवली, गेली. अप्पारावांनी प्रसन्नपणे हात वर केला. दुसऱ्या भेटीला त्यांनी नुसती मान हलवली. तिसरीला तिच्याकडे पाहिलं. चौथीला स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं.

भारत काकांच्या मागे दोन हातांवर होता, नेहमीच्या जागी. त्याचं घड्याळ पहिल्या मिनिटापासून पीं पीं करत होतं. अप्पारावांना तो आवाज सहन होईना.

"काय वाजून राह्यलं रे?"

"काका, घड्याळ म्हणतंय जोरात चाल."

"मंग चाल की."

"तुमच्या पुढं कसा जाऊ?"

यावर अप्पाराव दहा-बारा पावलं नुसते चालले. शेवटी म्हणाले, "हां. ते बराबर हाय."

मग भारतने उपाय काढला. तो काकांच्या मागेच, गुडघे छातीपर्यंत उचलत, जवळजवळ जागच्या जागी पळू लागला. त्याचं घड्याळ गप्प झालं. नाडी एकशे साठच्या आसपास स्थिर झाली. घामाच्या धारा लागल्या. इतकी मेहनत त्याने त्या मैदानावर यापूर्वी कधी केली नव्हती, आणि तीसुद्धा अप्पारावांच्याच वेगाने. आमच्या पाहणीत शिल्लक वापरूनही अंतर न कापणारा तो एकमेव नमुना. प्रियदर्शनी मॅडमनी मला हळूच विचारलं की याला काही विशेष नाव आहे का. मी म्हटलं, शास्त्रात अजून नाही.

आठव्या नमस्कारापर्यंत मैदानावरची कुजबुज थांबली होती. स्टाफला पळणारी ज्योत्स्ना दिसत नव्हती, नमस्कार दिसत होते. दर नमस्काराला सगळ्यांच्या माना अप्पारावांकडे वळायच्या आणि लगेच कुंपणाबाहेरच्या शेळ्यांकडे फिरायच्या. अप्पारावांनी आता वेग वाढवून पाहिला. घड्याळाने दोनदा पीं केलं. त्यांना हळू व्हावं लागलं. मला वाटतं, नऊ वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना हळू चला म्हणून सांगत होतं, आणि ते ऐकत होते, कारण यंत्राला झापता येत नाही.

वीस मिनिटं झाली. मी शिट्टी दिली. अप्पाराव रेषेच्या थोडे पुढे थांबले. भारत जिथे होता तिथेच बसला. ज्योत्स्ना रेषा ओलांडून थोडी पुढे जाऊन हळूहळू थांबली आणि परत चालत आली.

साहेबरावांच्या फळ्यावर अप्पारावांपुढे चार रेघा होत्या. भारतपुढे चार. ज्योत्स्नापुढे काहीही नव्हतं.

प्रियदर्शनी मॅडमनी विचारलं तेव्हा साहेबराव म्हणाले की ताई उलट्या बाजूने येत होत्या, त्यामुळे डोळ्यावर ऊन येऊन दिसत नव्हतं. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. पण ते खडू हातात धरून असे उभे होते की हे कोणी बोलून दाखवलं नाही. बाकी एकोणीस जणांपैकी, मला वगळून, कोणी मोजलं असेल तर त्यांनीही सांगितलं नाही. माझा आकडा चालणार नव्हता. चाचणी माझी, सूचना माझी, आणि ज्योत्स्ना माझ्याच शेजारी बसून डबा खाते हे सगळ्या संस्थेला माहीत. भारत बसल्या जागेवरून म्हणाला की नोंदच नाही तर निकाल कसा लागेल.

मी अप्पारावांकडे गेले. ते खुर्चीत टेकले होते, टॉवेलने मान पुसत होते. मी त्यांना एवढंच विचारलं की आप्पा, ज्योत्स्नाने तुम्हाला किती वेळा नमस्कार केला.

"पंधरा," ते म्हणाले. लगेच. हसत नव्हते. ते पुढे म्हणाले, "मी काय आंधळा हाय का? पंधरा वेळा केला."

अप्पारावांना केलेला नमस्कार अप्पाराव विसरत नाहीत. न केलेलाही नाही.

मी साहेबरावांच्या हातून खडू घेतला. फळ्यावर एक वर्तुळ काढलं. एका रेषेवरून दोन माणसं विरुद्ध दिशांना निघाली, तर दर भेटीला दोघांची मिळून एक फेरी पुरी होते, एकाने कमी कापलं तेवढं दुसऱ्याने जास्त. पंधरा भेटी म्हणजे मिळून पंधरा फेऱ्या. त्यातल्या चार साहेबरावांनी स्वतः नोंदवलेल्या आहेत. वजाबाकी मी केली नाही. प्रियदर्शनी मॅडमनी खडू घेतला आणि ज्योत्स्नाच्या नावापुढे आकडा लिहिला.

अप्पारावांनी टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. मग अप्पाराव म्हणाले, "पुढं तर कोणी गेलं न्हाई ना?"

"न्हाई आप्पा," ज्योत्स्ना म्हणाली. "कोणीच न्हाई."

त्यांनी मान हलवली. ऑर्डर टाइप करून आणायला साहेबराव गेले. कार्यालय मैदानाच्या टोकालाच आहे, पण त्यांना यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात अप्पाराव खुर्चीतून उठले नाहीत. चहा झाला. त्यांची नाडी बसल्या बसल्या उतरत त्र्याण्णववर आली होती. मी घड्याळं गोळा करत होते. त्यांचं काढायला हात पुढे केला तेवढ्यात कागद आला, म्हणून ते मनगटावर तसंच राहिलं. ऑर्डरीवर नाव बरोबर होतं. त्यांनी ती दोनदा वाचली, पेन मागितलं, आणि पेन आल्यावर तिसऱ्यांदा वाचली.

नोंदी अशा. वेळ वीस मिनिटं, प्रत्येकाने आपल्या शिल्लकेच्या सत्तर टक्क्यांवर. अप्पाराव, चार फेऱ्या, सरासरी नाडी एकशे चाळीस. भारत, चार फेऱ्या, एकशे एकोणसाठ. ज्योत्स्ना, अकरा फेऱ्या, एकशे एक्कावन्न. अप्पाराव, खुर्चीत बसून, ऑर्डरीवर सही करताना: एकशे अठ्ठावीस.